उगमाचा रकाना

समिती शनिवारी दुपारी चार वाजता येणार होती. गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता ग्रेसबाई शिरसाठ डायनिंग टेबलाशी बसून स्वतःच्याच अर्जाची प्रत तिसऱ्यांदा वाचत होत्या, आणि तिसऱ्या वाचनातही अर्जात काही सुधारणा झालेली नव्हती.

‘पद्धतीचा उगम (किमान शंभर वर्षांपूर्वीचा असावा)’ या रकान्यात लिहिलं होतं : ‘सन १८७६ च्या दुष्काळात कै. कृपादान शिरसाठ हे सुवार्ता सांगत मढीच्या डोंगरावरून पायी जात असता त्यांची कंबर धरली. तेथे एका नाथपंथी साधूने त्यांना ही सात टप्प्यांची क्रिया शिकविली. तेव्हापासून ती शिरसाठ घराण्यात गुप्तपणे चालत आली आहे.’

खाली ‘ग्रेस अँ. शिरसाठ करिता’ असं लिहून त्यांचे यजमान अँड्र्यू यांनी आपली लांब शेपटीची सही ठोकली होती.

“अहो,” ग्रेसबाई म्हणाल्या.

त्यांनी हे अगदी हळू म्हटलं. एकतीस वर्षं त्यांनी नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली होती, आणि त्या जितक्या हळू बोलत तितकी मुलं घाबरत. अँड्र्यूसाहेब चौसष्ट वर्षांचे होते, पण तेही घाबरले.

“हे कोणी लिहिलं?”

“सगळ्यांनी मिळून. तुला सरप्राइज द्यायचं होतं.”

“मागे घ्या.”

“ऑनलाइन आहे ते. एकदा सबमिट झालं की बदल करता येत नाही. मी खाली टिकसुद्धा केलंय. ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे.’”

“कोणाच्या समजुतीप्रमाणे?”

अँड्र्यूसाहेबांनी जरा विचार केला. “तुझ्या,” ते म्हणाले.

खरा उगम ग्रेसबाईंच्या वहीत होता, वेळेसकट. रविवार, १९ जानेवारी. चर्चमधून आल्यावर त्या शालोम अपार्टमेंटच्या गच्चीवर टाकीच्या तळाचा कॉक उघडायला गेल्या, कारण तीन दिवस नळाला गढूळ पाणी येत होतं आणि सोसायटीच्या आठही फ्लॅटमध्ये ‘कोणीतरी बघायला पाहिजे’ यावर एकमत झालेलं होतं. त्या वाकल्या, आणि कंबरेत उसण भरली. खाली जाता येईना, वर येता येईना. मोबाईल घरात. खाली अँड्र्यूसाहेब क्रिकेटची मॅच बघत होते, आणि क्रिकेट बघताना ते खेळाडूंना ऐकू जाईल इतक्या आवाजात सूचना देतात.

दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. ग्रेसबाईंना ओरडण्याची सवय नव्हती. शिवाय ओरडून लोक गोळा झाले असते ते पाठीमागून, आणि त्या बाजूने लोकांनी आपल्याला प्रथम पाहावं असं कुठल्याच शिक्षिकेला वाटत नाही. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत जे केलं असतं तेच केलं. निरीक्षण. श्वास सोडला की दुखणं थोडं सैल होतं. तेवढ्यात बोटभर डावीकडे सरकता येतं. उजवीकडे नाही. डावा हात टाकीच्या काठावर टेकला की आणखी बोटभर. मध्ये ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायचं, म्हणजे घड्याळाशिवाय सेकंद बरोबर पडतो. अशा प्रकारे एकशेतीस मिनिटांनी त्या सरळ झाल्या, कॉक उघडला, गाळ काढला, कॉक बंद केला आणि जिना उतरून खाली आल्या.

“कुठे होतीस? जेवायचं नाही का?” अँड्र्यूसाहेबांनी विचारलं होतं.

त्यानंतर कंबर दुखली नाही. का दुखली नाही ते कळावं म्हणून ग्रेसबाई रोज सकाळी टाकीपाशी जाऊन त्याच हालचाली करू लागल्या. वहीत तारीख, वेळ, दुखणं शून्य ते दहा. बस. एवढीच ती पद्धत, आणि ती तशीच राहिली असती. पण शेजारच्या फ्लॅटमधली रेश्मा कपडे वाळत घालायला वर आली.

“काकू, हे कुठलं आसन?”

“कुठलंच नाही.”

रेश्माला हा विनय वाटला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःची चटई घेऊन आली आणि बरोबर बँकेतल्या दोन मैत्रिणी. फेब्रुवारीत सहा जणी झाल्या, मार्चमध्ये नऊ. आणि ११ मार्चला, मंगळवारी, ती चूक झाली.

टाकीचा काठ सोडून वर येताना ग्रेसबाईंनी डोक्यावर चष्मा आहे का म्हणून हाताने चाचपून पाहिलं. चष्मा खाली घरी राहिला होता. त्यांनी हात खाली घेतला. मागे वळून पाहतात तो नऊ जणींनी उजवा हात डोक्यावर नेलेला, काहीतरी चाचपलेलं, आणि आता तो गंभीरपणे खाली येत असलेला. तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘मी फक्त चष्मा शोधत होते.’ एका वाक्याचं काम. पण नऊही चेहऱ्यांवर असं काही समाधान होतं, की ग्रेसबाईंनी ते वाक्य उद्यावर टाकलं. उद्या त्या हालचालीला पाचवा टप्पा म्हणून नंबर पडलेला होता.

प्रयोगात शिरलेली एक अशुद्धी, त्यांनी त्या दिवशी वहीत लिहिलं. काढून टाकावी. ती तिथेच राहिली.

भीमाबाई आली एप्रिलमध्ये. भीमाबाई तिसगावकडची, शालोममधल्या चार घरांची धुणीभांडी तिच्याकडे. तिची कंबर फेब्रुवारीपासून धरलेली होती, दोन महिन्यांत चारांपैकी तीन घरं हातची गेली होती. ती चटईबिटई न घेता आली, पदर खोचून सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मला बी दावा. वाकता आलं न्हाई तर मी मेले.” जूनमध्ये तिची गेलेली तिन्ही घरं परत आली. ग्रेसबाईंच्या वहीत भीमाबाईच्या नावापुढे आठवरून दोनवर उतरलेला आलेख आहे. तो आलेख त्या कधीकधी उगीचच उघडून बघत.

मग प्रश्न आला श्वासाचा. नणंद रोझी चर्चच्या महिला मंडळातून आली होती आणि तिला एक शंका होती. “वहिनी, हा योग तर नाही ना? उद्या पाळकसाहेबांनी विचारलं तर?” तिचं म्हणणं, दर श्वासाला एकेक वचन म्हणावं. रेश्माचं म्हणणं, ॐ म्हटल्याशिवाय श्वासाला अर्थ नाही. दोघी टाकीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि आठवडाभर एकमेकींशी फक्त हवामानावर बोलल्या. शेवटी ग्रेसबाईंनी ठरवून दिलं, की मनात एक हजार एक, एक हजार दोन मोजायचं. हा आकडा कुठल्याच धर्माचा नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी तो मान्य केला.

ऑक्टोबरात तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी तक्रार केली, की सकाळी सहाला डोक्यावर चौदा माणसं एकदम वाकतात आणि त्यामुळे झोपेत वाईट स्वप्नं पडतात. सोसायटीचे अध्यक्ष राधाकृष्णकाका ट्रेझरीतून निवृत्त झालेले. ते स्वतः त्या चौदांपैकी एक होते, कंबरेच्या पट्ट्यासकट. पण अध्यक्ष म्हणून त्यांना नियम पाहावा लागला.

“शिरसाठबाई, व्यक्ती म्हणून मी तुमच्या बाजूचा आहे. पण गच्ची सामाईक. नोंदणीकृत पद्धत असेल तर तो वर्ग. नोंदणी नसेल तर तो जमाव.”

“मग नोंदणी कुठे होते?”

नोंदणी संगमनेरच्या एका श्रमिक स्वास्थ्य प्रतिष्ठानात होत होती, परंपरागत व्यायामपद्धतींच्या योजनेत. परंपरागत म्हणजे शंभर वर्षं. नव्या पद्धतींचा फॉर्म वेगळा, तो अजून निघालेला नाही, असं काकांनी फोन करून खात्रीपूर्वक कळवलं. तीस नोव्हेंबरपर्यंत नोंदणी आली नाही तर गच्चीला कुलूप. हे इथपर्यंत ग्रेसबाईंना माहीत होतं. त्यांनी ‘अर्ज आणा, मी वाचून भरते’ असं सांगितलं होतं. अर्ज आणला गेला, पण त्यांच्यापर्यंत आला नाही, कारण अँड्र्यूसाहेबांना सरप्राइज द्यायचं होतं.

इतिहास कसा तयार झाला ते रेश्माने गुरुवारी दुपारी रडत रडत सांगितलं. अँड्र्यूसाहेबांना आपले खापरपणजोबा कृपादान हवे होते. रेश्माला साधू हवा होता. रोझीला साधू मुळीच नको होता. नंतर ‘ठीक आहे, असू दे, पण जाताना त्याला चर्चमधल्यासारखं सलाम म्हणू दे’ इथपर्यंत ती आली. मढीचा डोंगर रेश्माकडे गेला, सुवार्तेचं साल चर्चकडे आलं. ‘गुप्तपणे’ हा शब्द राधाकृष्णकाकांचा. त्यामुळे साक्षीदार लागत नाहीत. एवढं करून दोन दिवस अर्ज अडला होता तो वेगळ्याच कारणाने. ग्रेसबाईंच्या पेन्शनच्या कागदावर अहमदनगर होतं आणि फॉर्ममध्ये अहिल्यानगर, आणि दोन्ही एकच असल्याचा दाखला जोडावा लागला. सबंध अर्जातली तेवढीच एक गोष्ट खरी की खोटी हे कोणीतरी तपासलं होतं.

“पण काकू, सगळ्यांचं भलंच होणार होतं ना,” रेश्मा नाक पुसत म्हणाली.

तेवढ्यात राधाकृष्णकाका समितीचं पत्र घेऊन आले. “आणि याला खोटं म्हणू नका हो. हे परंपरेचं अंदाजपत्रक आहे. प्रत्यक्ष आकडे मागून बसतात.”

“आमच्या खापरपणजोबांची कंबर कधी दुखलीच नाही, असं तू सिद्ध करू शकतेस का?” अँड्र्यूसाहेबांनी विचारलं.

ग्रेसबाईंना ते सिद्ध करता येत नव्हतं, आणि विज्ञानाच्या या उणिवेचा त्यांना प्रथमच राग आला. त्यांनी पत्र घेतलं. खाली समितीच्या सदस्यांची नावं होती. अध्यक्ष कोणी एक ज्येष्ठ गृहस्थ. सचिव म्हणून एक कारकून. आणि तिसरं नाव वाचून त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं, सरळ केलं, त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली.

डॉ. हर्षल गुंजाळ, फिजिओथेरपिस्ट.

बारावीच्या वर्गातला हर्षल गुंजाळ त्यांना पूर्ण आठवत होता. अकरा वर्षं झाली. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं आणि त्याने जर्नलमध्ये तीन सुरेख रीडिंग लिहून दाखवली होती. १०.२, १०.२, १०.२. ग्रेसबाईंनी वाकून त्याच्या ब्युरेटकडे, थेंब सोडायच्या त्या काचेच्या नळीकडे, पाहिलं. ब्युरेटचं टोक कोरडं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. लाल पेनाने जर्नलवर लिहिलं, ‘रीडिंग शिजवलेली आहेत. पुन्हा करा.’ सबंध वर्गासमोर. आणि शनिवारी दुपारी, कॉलेज रिकामं असताना, त्या स्वतः त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या, खरा थेंब पडून खरं रीडिंग येईपर्यंत.

आता तो शनिवारी दुपारी येणार होता, आणि त्यांच्या ब्युरेटचं टोक कोरडं होतं.

शुक्रवारचा दिवस सल्ल्यांत गेला. रोझी म्हणाली, वहिनी, तुम्ही बोलूच नका, घसा बसला म्हणा. राधाकृष्णकाका म्हणाले, प्रश्न आला की ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे’ एवढंच म्हणायचं. पस्तीस वर्षं मी दुसरं काही बोललेलो नाही. अँड्र्यूसाहेबांनी कृपादान यांचा फोटो म्हणून कोणाचा तरी दाढीवाला फोटो फ्रेम करून आणला. तो ग्रेसबाईंनी कपाटात ठेवून कपाटाला किल्ली लावली, आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी भांडी घासता घासता भीमाबाई म्हणाली, “बाई, उद्या तेवढं नीट बोला.”

“नीट म्हणजे कसं?”

“मला काय ठावं? तुमी शिकल्याल्या. साधू म्हना, सायेब म्हना. पर गच्ची बंद झाली तर माझी कंबर पुन्यांदा धरंल. मी घरी एकली करत न्हाई. म्या लई करून बघितलं. एकलीला जमत न्हाई.”

ग्रेसबाई बाहेरच्या खोलीत आल्या. वहीचं शेवटचं पान उघडून त्यांनी उद्याचं वाक्य लिहिलं : ‘पद्धतीचा उगम दहा महिन्यांपूर्वीचा असून अर्जातील माहिती खरी नाही.’ दहा शब्दही नाहीत. ते त्यांनी पाच वेळा वाचलं, आणि पाचही वेळा शेवटच्या शब्दाशी भीमाबाईचा आलेख डोळ्यांसमोर आला. खरं बोललं तर गच्चीला कुलूप. खोटं बोललं तर हर्षल गुंजाळ.

शनिवारी चारला पाच कमी असताना चौदा जण गच्चीवर ओळीने उभे होते. राधाकृष्णकाकांनी टाय बांधला होता. रेश्माने टाकीला झेंडूची माळ घातली होती; रोझीने ती काढली होती; मग दोघींनी मिळून माळ टाकीशेजारच्या पाइपला बांधली होती. समिती जिना चढून वर आली. तिच्या अध्यक्षांना दम लागला होता. कारकुनाच्या हातात फाइल होती. मागून हर्षल आला, उंच झालेला, कपाळाशी केस कमी झालेले.

“नमस्कार मॅडम,” तो म्हणाला. बस, एवढंच. हसला की नाही ते कळलं नाही.

“आधी प्रात्यक्षिक, मग उगमाबाबत प्रश्न,” अध्यक्षांनी खुर्चीत बसत जाहीर केलं.

वाक्य ग्रेसबाईंच्या जिभेवर तयार होतं. आधीच बोलून टाकावं असं त्यांना वाटलं, पण कार्यक्रमाचा क्रम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या टाकीकडे वळल्या. पहिला टप्पा, ओणवं होणं. त्या वाकल्या. वाकताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून हर्षलच्या हातातलं पेन दिसलं. पेन लाल होतं.

आणि कंबरेत उसण भरली.

दहा महिन्यांनी. त्याच जागी, त्याच टाकीपाशी. ग्रेसबाईंना आवाज फुटेना. मागे चौदा जण शिस्तीत ओणवे झाले आणि बाई पुढे सरकण्याची वाट पाहू लागले. बाई सरकेनात. एक हजार पाच. एक हजार सहा. एक मिनिट झालं. नेहमी पहिल्या टप्प्याला वीस सेकंद लागत. पण आज समिती आहे, आज बाई काहीतरी वरच्या पातळीचं दाखवत असतील, अशी चौदाही जणांची समजूत झाली आणि कोणी हललं नाही.

“ही खोल अवस्था,” अँड्र्यूसाहेब अध्यक्षांच्या कानात म्हणाले.

कारकुनाने वेळ लिहून घेतली.

दोन मिनिटं. ग्रेसबाईंनी श्वास सोडला, बोटभर डावीकडे. मागे चौदा जण बोटभर डावीकडे. डावा हात काठाकडे न्यायला गेल्या तर मणक्यातून अशी कळ आली, की एकतीस वर्षांच्या संयमाचा काही उपयोग झाला नाही.

“आई गं,” त्यांच्या तोंडून निघालं.

“आई गं,” चौदा जण एका सुरात म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “हा मंत्र का?”

“अतिप्राचीन,” अँड्र्यूसाहेब म्हणाले.

चार मिनिटं झाली. राधाकृष्णकाकांचा टाय जमिनीला टेकला होता आणि थरथरत होता. ग्रेसबाईंच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब सुटला, तो टाकीच्या सावलीत पडला. तेवढ्यात त्यांच्यासमोर बुटांची एक जोडी आली. मग गुडघे. मग हर्षलचा चेहरा. तो उकिडवा बसला होता, अगदी त्यांच्या तोंडासमोर, जसा कोणी ब्युरेटचं रीडिंग घ्यायला डोळे पाण्याच्या रेषेत आणतो तसा.

“मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “भरलीय का?”

“हो.”

“किती वेळ लागतो?”

“मागच्या वेळी एकशेतीस मिनिटं.”

“मी उचलू का? दोन मिनिटांत—”

“हात लावू नको. रीडिंग चालू आहे.”

त्याने मनगटावरचं घड्याळ वळवून त्यांना दिसेल असं धरलं. ग्रेसबाई सेकंद मोजू लागल्या. श्वास सोडला, बोटभर. थांबल्या. हात काठावर. पुन्हा बोटभर. मागे रोझी रेश्माला कुजबुजत होती, “वहिनींना काही झालंय का गं?” आणि रेश्मा तिला म्हणत होती, “गप्प, सातव्यानंतरचा टप्पा असेल.” सात मिनिटं. नऊ. ग्रेसबाईंचा उजवा हात मोकळा झाला आणि आपोआप डोक्याकडे गेला. चष्मा तिथे नव्हता. नाकावर होता. चौदा हात वर गेले, चाचपले, खाली आले. आणि त्या क्षणी, कसं कोण जाणे, मानेतून कंबरेपर्यंत काहीतरी सुटलं.

त्या सरळ उभ्या राहिल्या. अकरा मिनिटं वीस सेकंद.

टाळ्या वाजल्या. अँड्र्यूसाहेबांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

“अप्रतिम,” अध्यक्ष म्हणाले. “आता ते १८७६ चं सांगा. साधू—”

“साधू नव्हता,” ग्रेसबाई म्हणाल्या.

गच्चीवरच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटची अँड्र्यूसाहेबांची.

“माझी कंबर आत्ता खरोखर धरली होती. जानेवारीतही इथेच धरली होती. त्यातून ही पद्धत निघाली. अर्जातला उगम खोटा आहे, आणि तो मी लिहिलेला नसला तरी सही माझ्या नावाने आहे, म्हणजे जबाबदारी माझी. आई गं हा मंत्र नाही. आणि पाचवा टप्पा म्हणजे मी चष्मा शोधत होते.”

शेवटचं वाक्य त्यांनी मुळीच ठरवलेलं नव्हतं.

“म्हणजे कृपादान शिरसाठ?” अध्यक्षांनी विचारलं.

“होऊन गेले. त्यांच्या कंबरेची नोंद नाही.”

“मग परंपरा किती वर्षांची?”

“दहा महिने तीन दिवस.”

कारकुनाने फाइल बंद केली. “सर, किमान शंभर आहे.”

भीमाबाई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. ग्रेसबाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी फक्त हर्षलकडे पाहिलं. त्याने कारकुनाकडून फाइल घेतली, अर्ज बाहेर काढला, टाकीच्या झाकणावर ठेवला. लाल पेनाने उगमाच्या रकान्यावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. मग अर्ज दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केला.

‘उगम शिजवलेला आहे. पुन्हा करा.’

ग्रेसबाईंनी ते वाचलं. चौदा शिष्यांसमोर, नवऱ्यासमोर, नणंदेसमोर. कानाच्या पाळ्यांपर्यंत त्यांना ऊन लागल्यासारखं झालं. अकरा वर्षांपूर्वी त्या मुलाला नेमकं कुठे कुठे लागलं असेल, याचं हे पहिलंच अचूक मोजमाप होतं. अक्षर मात्र सुधारलं होतं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“तुमच्याकडे रीडिंग आहेत का, मॅडम? खरी?”

“चौदा जणांची. रोजची.”

“मग ती जोडा. नव्या पद्धतींचा फॉर्म निघाला नसेल तर तो काढायला मी सांगतो. कोणीतरी पहिला अर्ज केल्याशिवाय तो निघायचा नाही.” आणि हळूच, “शनिवारी येऊन बसेन मी समोर. पूर्ण होईपर्यंत.”

“पण गच्ची!” रेश्मा म्हणाली. “तीस तारखेला कुलूप लागणार ना?”

सगळे राधाकृष्णकाकांकडे वळले, आणि तेव्हा लक्षात आलं, की तेरा जण सरळ झाले होते, काका झाले नव्हते. ते अजून ओणवेच होते. टाय फरशीवर निश्चल पडला होता.

“काका?”

“मी ऐकतोय,” खालून आवाज आला. “वर बघता येत नाही. प्रकरण फेटाळलं की परत पाठवलं?”

“परत पाठवलं,” हर्षल म्हणाला. “फेरसादर करण्यासाठी.”

“लेखी?”

“लाल शाईत.”

“मग ते प्रलंबित,” काका गुडघ्यांना उद्देशून म्हणाले, पण आवाजात ट्रेझरी होती. “प्रलंबित प्रकरणात सोसायटीला परवानगी काढून घेता येत नाही. निकाल लागेपर्यंत गच्ची उघडी. मी प्रलंबित प्रकरणं एकोणीस वर्षांपर्यंत चाललेली पाहिली आहेत. आता कोणीतरी मला सरळ करा.”

हर्षल पुढे झाला. भीमाबाई त्याच्या आधी पोचली.

“डॉक्टर, तुमी ऱ्हावा. काका, श्वास सोडा. डावीकडं, बोटभर. उजवीकडं न्हाई! घाई कराल तर हितंच ऱ्हाल. हं. येक हजार येक. आता धरा टाकी. बाई, बघा ना, बरुबर हाय का?”

“बरोबर आहे,” ग्रेसबाई म्हणाल्या, आणि वही आणायला रेश्माला खाली पाठवलं. काका सहा मिनिटं चाळीस सेकंदांत सरळ झाले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग आपल्या स्वतःच्या कंबरेला हात लावून त्यांनी खासगी आवाजात विचारलं, की सकाळचा वर्ग किती वाजता असतो.

सोमवारी सकाळी सहाला ग्रेसबाई गच्चीवर आल्या. नवा अर्ज त्यांनी रविवारी उपासनेनंतर जुन्याच फॉर्मवर भरून ठेवला होता. उगमाच्या रकान्यात, ‘पाण्याची टाकी, एक हजार लिटर. १९ जानेवारी, सकाळी ११ ते दुपारी १.१०.’ आद्यगुरू या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली होती. अँड्र्यूसाहेबांनी तिथे कृपादान यांचं नाव निदान पेन्सिलने लिहू का म्हणून दोनदा विचारलं होतं.

वर्ग सुरू झाला. त्या वाकल्या, वीस सेकंदांनी डावीकडे सरकल्या. मागून चौदा आवाज एका सुरात आले.

“आई गं.”

ग्रेसबाई थांबल्या. वळल्या. “हे काढून टाका. मी शनिवारी सांगितलं होतं. आणि चष्म्याचा हातही आजपासून बंद. तो टप्पा नाही. ती चूक आहे.”

“असंल चूक,” ओणवी असलेली भीमाबाई खालूनच म्हणाली. “पर त्यानंच मान सुटती, बाई. शनवारी तुमची बी त्यानंच सुटली. म्या बघितलं.”

चौदा जण ओणवे राहून वाट पाहत होते. ग्रेसबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांना शनिवारचं नववं मिनिट आठवलं, आणि त्या वहीपाशी गेल्या. मार्चमधलं पान काढलं. ‘प्रयोगात शिरलेली एक अशुद्धी. काढून टाकावी.’ त्यावर त्यांनी लाल पेनाने रेघ मारली.

“पहिल्या सात जणांनी हात न्यायचा,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी नाही. तीन महिने. आणि आई गं कोणीच नाही.”

“मला न्हेणाऱ्यांत घ्या,” भीमाबाई म्हणाली.

“चिठ्ठ्या टाकू,” ग्रेसबाई म्हणाल्या, आणि रेघ मारलेल्या ओळीपुढे लिहिलं, ‘पुन्हा करा.’